नडगीची राखण

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा ओलांडली की शिरवळ येतं. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस इथवर येईतो दमलेला असतो, त्यामुळे आसपासच्या टेकड्यांवर झाडी बेताची आणि गवत उदंड. दसरा-दिवाळी झाली की हे गवत पिवळं पडतं आणि कुसळांचे दिवस सुरू होतात. तासभर टेकडी चढून आलेल्या माणसाचे मोजे बघावेत. विणलेले कमी आणि टोचलेले जास्त दिसतात.

कुसळ जवळून बघण्यासारखी चीज आहे. बीचं एक टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेली बारीक लव. म्हणजे आत शिरलं की मागे फिरायची सोय नाही. दुसऱ्या टोकाला पीळ असलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा आवळतो, आणि या फिरण्याने बी जमिनीत रुतत जाते. निसर्गाने ही युक्ती मातीसाठी केली. पण घामाने ओला झालेला मोजा तिला मातीइतकाच चालतो. धनगरांना हा त्रास चांगला ठाऊक आहे, कारण मेंढीच्या लोकरीत अडकलेलं कुसळ कातडीपर्यंत पोचतं. शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण मेंढीला गेटर घालायची सोय अजून कुणी काढलेली नाही. माणसाला मात्र ती आहे.

गेटर म्हणजे बुटाच्या गळ्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत पाय झाकणारी जाड नायलॉनची नळी. पुढच्या बाजूला वेल्क्रोची उभी पट्टी, वर आवळायला दोरी, खाली बुटाच्या लेसमध्ये अडकवायचा छोटा आकडा आणि तळव्याखालून जाणारा पट्टा. आधी आकडा अडकवायचा, मग वेल्क्रो खालून वर लावत यायचं. बकल पायाच्या बाहेरच्या अंगाला हवं. उजव्या-डाव्याची अदलाबदल झाली की बकलं आत येतात, एकमेकांत अडकतात आणि उतारावर माणूस तोंडघशी पडतो. सगळ्यात आधी तुटतो तो तळव्याखालचा पट्टा. आपल्या बेसॉल्टवर तो पावलोपावली घासला जातो. दुकानातला नवा पट्टा मिळेपर्यंत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून लावली तरी काम भागतं, आणि माझ्या मते ती मूळ पट्ट्यापेक्षा जास्त टिकते.

शिरवळहून पश्चिमेला भोर, रायरेश्वराकडे किंवा दक्षिणेला सातारा गाठून कोयनेकडे गेलं की गवत मागे पडतं आणि जळवा पुढे येतात. बामणोलीहून शिवसागर जलाशय होडीने ओलांडून वासोट्याला जायची वाट कोयना अभयारण्यातून जाते. पावसाळ्यात ती बंद असते. पण पाऊस सरतासरता वाट उघडली, तरी ओल्या पाचोळ्यात जळवा असतातच. पावलांची थरथर, शरीराची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांवरून त्यांना गिऱ्हाईक आल्याचं कळतं. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून ती गळून पडल्यावरही जखम बराच वेळ वाहत राहते. मीठ, तंबाखू, चुना हे ठरलेले उपाय. पण अशी डिवचलेली जळू पोटातलं जखमेत ओकू शकते. त्यापेक्षा तिचं तोंड जिथे चिकटलंय तिथे नखाची कड आडवी सरकवून तिला सोडवावं.

जळवेपुढे गुडघाभर महागडा गेटर हवाच असं नाही. घट्ट विणीच्या मांजरपाटाचे, गुडघ्याखाली नाडी बांधायचे मोजे कुठलाही शिंपी शिवून देईल. साध्या मोज्याच्या विणीतून जळू तोंड घालते, या कापडातून नाही. कापड पांढरं घ्यावं, म्हणजे वर चढणारी जळू लगेच दिसते.

नडगी झाकायची ही हौस गिर्यारोहकांनी शोधलेली नाही. हिमालयातली डोंगरी माणसं बांधत तशा, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या ब्रिटिश हिंदी फौजेने उचलल्या आणि पहिल्या महायुद्धापर्यंत त्या जगभर गेल्या. सातारा जिल्ह्यातल्या गावोगावचे मराठा पलटणींतले जवान याच पट्ट्या बांधून मेसोपोटेमियाला लढले. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीच्या पायातही त्याच होत्या. पट्टी स्वस्त होती, पोटरीला आधार द्यायची. पण बांधायला वेळ खायची, आणि घट्ट बांधलेली पट्टी भिजून आवळली की पायाचं रक्त अडवायची. वेल्क्रोने ही कटकट एका झटक्यात संपवली.

आता सापाचं. सर्परोधक गेटर वेगळा असतो. त्यात कडक प्लास्टिकचे पत्रे किंवा जाडजूड नायलॉनचे अनेक थर घातलेले असतात. तो घालून दिवसभर किल्ला चढणं म्हणजे नडगीला भट्टी बांधणं. किल्ल्यांच्या मळलेल्या वाटेवर मी तो सुचवणार नाही. वाट सोडून चालणाऱ्यांना मात्र तो हवा. दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते, तेव्हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातले वनरक्षक आणि वनमजूर मांसाहारी प्राण्यांच्या खुणा शोधत तीन दिवस रोज पाच किलोमीटर चालतात. मग तृणभक्षी मोजायला दोन किलोमीटरची सरळ रेषा, तीही पुन्हा पुन्हा. सरळ रेषा म्हणजे कारवी, दगड, गवत जे आडवं येईल त्यातूनच. फुरसं आणि घोणस बहुतेकदा घोट्याच्या आसपासच चावतात, आणि घोणशीचे दात लांब असतात.

पण खरी गरज त्यांच्याहीपेक्षा नीरेकाठच्या उसात आणि भातखाचरात आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला; २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. शेतकऱ्याला गेटर विकायला कुणी जात नाही, आणि जायची गरजही नाही. गुडघ्यापर्यंतचा गमबूट तेच काम करतो, चिखलातही चालतो आणि तालुक्याच्या बाजारात मिळतो. अडचण एवढीच की उकाड्यात तो घालवत नाही, आणि उसाला पाणी द्यायला रात्री-अपरात्री जाणारा माणूस चपलेतच निघतो. त्याने निदान बॅटरी घ्यावी आणि पाऊल टाकण्याआधी काठी आपटावी.

मण्यारीपुढे मात्र गेटर, गमबूट दोन्ही निकामी. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक की पुष्कळदा जागही येत नाही. तिथे खाट हवी, किंवा चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी.