रायफल की रिव्हॉल्वर? आधी गावातल्या बंदुका मोजा

अत्याचाराची बातमी आली, मोर्चा निघाला, कलेक्टर कचेरीसमोर घोषणा झाल्या, की निवेदनाच्या शेवटी एक ओळ हमखास असते : ‘आम्हाला स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने देण्यात यावेत.’ निवेदन स्वीकारले जाते, फोटो निघतो, आणि ती ओळ फायलीत जाऊन झोपते. प्रशासनाला वाटते, हे रागाच्या भरात बोलले जात आहे. दुःख याचे की आपल्यालाही तसेच वाटते! ही मागणी कायद्यातच लिहिलेली आहे, हे निवेदन देणाऱ्या कार्यकर्त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. यातील नियम ३ अत्याचार होण्यापूर्वी शासनाने काय करायचे ते सांगतो. अत्याचार घडण्याची शक्यता असलेले भाग शोधायचे, जिल्हा दंडाधिकारी व पोलीस अधीक्षकांनी तिथे जाऊन पाहणी करायची. नंतर तीन गोष्टी येतात आणि त्यांचा क्रम नीट वाचण्यासारखा आहे. पहिली, गरज वाटल्यास त्या भागातील बिगर-अनुसूचित व्यक्तींचे, त्यांच्या नातेवाईक व नोकरचाकरांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करायची. दुसरी, बेकायदा शस्त्रे जप्त करायची आणि त्यांची निर्मिती थांबवायची. तिसरी, गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्र परवाने द्यायचे.

आपल्या सगळ्या सभा तिसऱ्यावर गाजतात. पहिल्या दोन कुणी मागतच नाही. माझे म्हणणे असे की आधी पहिल्या दोन मागा. ज्या गावात एकाच भावकीच्या घरांतून चार-पाच बंदुका भिंतीला टांगलेल्या आहेत, तिथे वस्तीतल्या एका घराला सहावी बंदूक देऊन तोल साधत नाही. त्या चार-पाच ठाण्यात जमा झाल्या तर मात्र फरक पडतो.

तरीही तिसरी मागणी सोडून द्यावी असे मी म्हणणार नाही. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ मध्ये बाबासाहेबांनी विचारले होते की या देशातल्या बहुजनांनी इतका अन्याय सोसूनही क्रांती का केली नाही. त्यांचे उत्तर असे की चातुर्वर्ण्याने शस्त्र, सत्ता आणि शिक्षण ही तिन्ही साधने त्यांच्या हातून काढून घेतली होती. मतपेटी आणि शाळा संविधानाने दिली. शस्त्राचे दार मात्र लष्करापुरतेच उघडले, आणि तेही १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांच्या तोंडावर बंद केले होते. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत पन्नास वर्षे गेली, मधली पहिल्या महायुद्धातली थोडी वर्षे सोडली तर. सुभेदार रामजींची मुले आमच्या उंब्रजशेजारच्या मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा सुभेदाराच्या पोरांनाही गाडीवान मिळेना. सरकारी बंदूक खांद्यावर असणे आणि गावात माणूस म्हणून उभे राहणे, यांत किती अंतर आहे ते त्या एका प्रवासाने दाखवले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. कोर्टाच्या आवारात, उंब्रजच्या एस. टी. स्टँडवर, लग्नाच्या मांडवात हाच प्रश्न येतो : “वकीलसाहेब, परवाना मिळाला तर काय घ्यावे? रायफल की रिव्हॉल्वर?” विचारणाऱ्यांत निवृत्त जवान असतात, विहिरीच्या वादात सापडलेले शेतकरी असतात, आणि पडद्यावर पिस्तूल पाहून भारावलेली तरुण पोरेही असतात. तिघांनाही उत्तर एकच द्यावे लागते.

लष्करी बोअर, म्हणजे ९ एम.एम. पिस्तूल किंवा थ्री-नॉट-थ्री, सामान्य नागरिकाला मिळत नाही. राहिले तीन प्रकार : ३२ बोअरचे रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल, ३१५ बोअरची रायफल आणि बारा बोअरची बंदूक. कानपूरची रिव्हॉल्वरे आणि ईशापूरची ३१५ रायफल हा आपल्याकडचा नेहमीचा सरकारी माल. हे कारखाने २०२१ पर्यंत आयुध निर्माणी मंडळाखाली होते, आता सरकारी कंपनीत आहेत.

रिव्हॉल्वरचा मोह सगळ्यांना. कमरेला दिसते, वजन पडते! साखर कारखान्याच्या राजकारणात ज्यांची ऊठबस आहे त्यांनी ही फॅशन आणली आणि आपलीही मंडळी तिला भुलली. पण नेमाचे गणित वेगळे आहे. नेम धरताना मागची खाच आणि पुढची माशी एका ओळीत आणायची असते. छोट्या रिव्हॉल्वरवर या दोहोंतले अंतर साधारण १२ सेंटिमीटर. हात थरथरून माशी एका मिलिमीटरने जरी सरकली तरी १० मीटरवर गोळी आठ सेंटिमीटरहून जास्त बाजूला जाते. रायफलवर हेच अंतर अर्धा मीटर धरले तर तेवढ्याच चुकीला गोळी दोनच सेंटिमीटर हलते. शिवाय रायफलचा दस्ता खांद्याला टेकतो, दोन्ही हात लागतात. रिव्हॉल्वर मनगटावर तोललेले असते, आणि मध्यरात्री दाराला लाथा बसत असताना मनगट स्थिर राहत नाही. रिव्हॉल्वरवर हात बसायला नियमित सराव लागतो. सरावाला रेंज लागते, काडतुसे लागतात. काडतुसांचा कोटा परवान्यावर लिहिलेला, आणि प्रत्येक काडतुसाला पैसे. उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्याने हा खर्च कुठून करायचा? २०१४ मध्ये खास महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्वर सरकारी कारखान्याने काढले. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये! शेतावर मजुरीला जाणाऱ्या बाईने ते कोणत्या जन्मी घ्यायचे होते, हे काढणाऱ्यांनाच ठाऊक.

मग रायफल? नेमाला ती तिघांत सरस, यात वाद नाही. पण घराच्या रक्षणाला लांबचा नेम लागत नाही. घरातला प्रसंग दारापासून ओसरीपर्यंत, फार तर अंगणापर्यंतचा असतो. तिथे खरा प्रश्न असतो गोळी थांबते कुठे याचा. ३१५ ची गोळी किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. आपल्या वस्त्या कशा आहेत ते डोळ्यासमोर आणा : घराला घर लागून, मध्ये पत्रा नाहीतर कुडाची भिंत. हल्लेखोराला लागलेली किंवा चुकलेली गोळी पलीकडच्या घरात झोपलेल्या लेकरापर्यंत जाईल. गावाने आपल्याला गावकुसाबाहेर दाटीवाटीने बसवले, त्या दाटीत रायफल चालवणे म्हणजे आपल्याच माणसांवर चालवणे. माळावर एकटे घर असेल, मागे टेकडी असेल, तर गोष्ट निराळी.

राहिली बारा बोअर. दिसायला गावठी, पण घरासाठी तीच बरी, आणि कायद्यानेही तीच सोपी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये, नळी किमान २० इंच असलेली गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी मागितली तर परवाना द्यावा, असे म्हटले आहे. रायफल-रिव्हॉल्वरसाठी मात्र ‘सबळ कारण’ पटवून द्यावे लागते. बारा बोअरचा दस्ता खांद्याला बसतो, नळी लांब असते. छर्रे लांबवर जीव सोडतात, त्यामुळे दूरच्या घराला धोका रायफलच्या मानाने कमी. (जवळच्या पत्र्यातून मात्र जाड छर्रे आरपार जातात, हे विसरू नये.) ‘छर्रे पसरतात, म्हणून नेम लागत नाही’ हा समज चुकीचा आहे. ढोबळ हिशेबाने नळीपासून दर यार्डाला इंचभर पसारा होतो. म्हणजे खोलीच्या अंतरावर तो तळहाताएवढाच असतो आणि नेम धरावाच लागतो. दोष हा की डबल बारी बंदुकीत दोनच काडतुसे. समोर जमाव असेल तर दोन बार झाल्यावर काय?

इथे आपण थांबून विचार केला पाहिजे. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला बंदुका नव्हत्या; काठ्या होत्या, कुऱ्हाडी होत्या, सायकलच्या चेना होत्या, आणि होता अख्खा जमाव. आपल्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातील कुळकजाई येथे २६ एप्रिल २००७ ला विहीर खोदण्याच्या वादातून दलित शेतकऱ्याचा खून झाला, तोही जमावाच्या हातून. जमावापुढे एक बंदूक फार काळ टिकत नाही. तिचा उपयोग झालाच तर जमाव जमण्यापूर्वी, ‘या घरात बंदूक आहे’ एवढ्या माहितीचा. हा उपयोग छोटा नाही, पण तेवढाच आहे हे समजून परवाना मागावा.

वकील म्हणून मला जास्त भीती गोळी सुटल्यानंतरच्या सकाळची वाटते. आपण ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली की समोरून दरोड्याची क्रॉस केस येते, हा आपला नेहमीचा अनुभव. हातात बंदूक असेल तर तीच क्रॉस केस खुनाच्या प्रयत्नाची होते आणि पुरावा आपल्याच घरातून जप्त होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू ओढवला तरी तो गुन्हा ठरत नाही. पण हा हक्क धोका असेपर्यंतच. हल्लेखोर पाठ फिरवून पळू लागला आणि मागून बार टाकला, की बचाव संपला आणि सूड सुरू झाला. बौद्ध माणसाला हा फरक नवा नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला भेद ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट केला आहे.

आणखी एक अडचण. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. गावात डोकी फुटतात ती नेमकी ग्रामपंचायतीच्या दिवसांत, आणि तेव्हाच आपली बंदूक ठाण्यात असते. यातून सूट मागता येते. छाननी समितीपुढे आपल्यावरील धोक्याचे कागद ठेवून ती मागितली पाहिजे.

परवाना देणाऱ्याच्या मर्जीचा खेळ काही आपल्याच देशातला नाही. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्यानंतर त्यांनी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला, तो नाकारण्यात आला. ज्याच्या घरावर बाँब पडला त्याला गरज नाही, तर गरज कुणाला? आपल्याकडे तर एक गंमत अशी की जिल्ह्यात परवाना देणारा अधिकारी जिल्हा दंडाधिकारी, आणि अत्याचार प्रतिबंधासाठीच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीचा अध्यक्षही तोच. समितीत ‘या गावाला धोका आहे’ असे जे टेबल मान्य करते, तेच टेबल परवान्याच्या अर्जावर ‘धोका दिसून येत नाही’ असा शेरा मारते. हा विरोधाभास अपिलात दाखवता येतो, मात्र त्यासाठी समितीची इतिवृत्ते हातात हवीत.

म्हणून कामाला लागायचे ते असे. माहितीच्या अधिकारात दोन आकडे मागा : आपल्या जिल्ह्यात १९९५ पासून नियम ३ खाली अनुसूचित जाती-जमातीच्या किती लोकांना शस्त्र परवाने दिले, आणि त्याच नियमाखाली इतरांचे किती परवाने रद्द केले. वैयक्तिक अर्ज करताना नुसते ‘जिवाला धोका आहे’ लिहू नका. पूर्वीच्या फिर्यादींचे क्रमांक, ११२ वर केलेल्या फोनच्या तारखा, जमिनीच्या किंवा विहिरीच्या वादाचे कागद, वस्तीपासून ठाण्याचे अंतर, सगळे जोडा. अर्जात नियम ३ चा उल्लेख ठळक करा. ‘तुमची मालमत्ता काय?’ असे कारण पुढे केले तर कलम १४ दाखवा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असे तिथे स्पष्ट आहे. नकार लेखी घ्या, म्हणजे कलम १८ खाली अपील करता येते. शस्त्र चालवण्याचे प्रशिक्षण आणि घरात ते कुलपात ठेवण्याची सोय, या दोन्ही अटी २०१६ च्या शस्त्र नियमांत आहेत. त्या ओझे समजू नका. ज्या घरात दारू आहे त्या घरात बंदूक नेऊच नका. तिथे ती पहिल्यांदा घरातल्याच माणसावर चालते.

आणि अर्ज कुणाच्या नावाने करायचा, याचाही विचार करा. आमच्या भागातले किती तरी कर्ते पुरुष मुंबईला किंवा पुण्याला कंपनीत असतात. परवाना त्यांच्या नावावर, बंदूक कपाटात, आणि घरी बायको व सासू. परवाना असतो नावावर असलेल्या माणसाचा. अख्ख्या घराचा नसतो. वस्तीवर रात्री जी एकटी असते, तिच्याच नावाने अर्ज भरा.