वाणिज्यिक वैमानिक प्रशिक्षण : मार्गनिवड आणि अर्थनियोजन

प्रस्तावना

भारतात देण्यात आलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मिळाला. त्यानंतरची सहा दशके वैमानिक होणे ही काही मोजक्या सुस्थित कुटुंबांची मक्तेदारी राहिली. 1994 मध्ये हवाई महामंडळ कायदा रद्द झाला, देशांतर्गत विमानसेवेतील सरकारी मक्तेदारी संपली आणि खासगी कंपन्यांचा प्रवेश झाला. पुढे अल्पदरातील विमानसेवा आल्या व वैमानिकांची मागणी वाढत गेली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2020 मध्ये 578 वाणिज्यिक वैमानिक परवाने दिले होते. 2021 मध्ये ही संख्या 862, 2022 मध्ये 1165 आणि 2023 मध्ये 1622 झाली. या वाढीत जिल्हा व तालुका पातळीवरील महाविद्यालयांतून विज्ञान शाखेची बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांचाही वाटा आहे.

वैद्यकीय अथवा अभियांत्रिकी शिक्षणाच्या बाबतीत प्रवेश परीक्षा, शुल्क नियमन आणि विद्यापीठाची संलग्नता यांचे एक संरक्षक कवच विद्यार्थ्याभोवती असते. वैमानिक प्रशिक्षणात असे कवच जवळजवळ नाही. शुल्क संस्था ठरवते, कालावधी परिस्थिती ठरवते आणि नोकरी बाजारपेठ ठरवते. परिणामी राहते घर अथवा शेतजमीन तारण ठेवून घेतलेला निर्णय अनेकदा केवळ जाहिरातीच्या व ऐकीव माहितीच्या आधारे घेतला जातो. अशा वेळी विद्यार्थी व पालक सल्ल्यासाठी महाविद्यालयातील प्राध्यापकांकडेच येतात. या दृष्टीने विषयाची मांडणी करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

1. वाणिज्यिक वैमानिक परवान्याच्या अटी व त्यांचा क्रम स्पष्ट करणे.
2. प्रशिक्षणाच्या उपलब्ध मार्गांचे तुलनात्मक विवेचन करणे.
3. खर्चाचे खरे स्वरूप व अर्थसाहाय्याचे पर्याय मांडणे.
4. मार्गदर्शन करणाऱ्या अध्यापकांसाठी निवडीचे निकष सुचविणे.

परवान्याच्या अटी

वाणिज्यिक वैमानिक परवान्यासाठी किमान वय 18 वर्षे असावे लागते. शैक्षणिक अर्हता म्हणून भौतिकशास्त्र व गणित या विषयांसह बारावी उत्तीर्ण होणे ही अट दीर्घकाळ प्रचलित राहिली आहे. ती शिथिल करण्याचा विचार 2025 मध्ये पुढे आला. त्यामुळे कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी अर्ज करण्यापूर्वी अद्ययावत नियम पडताळून पाहणे आवश्यक ठरते.

उड्डाणाच्या अनुभवाची अट किमान 200 तासांची आहे. त्यांपैकी 100 तास विमानाचे नियंत्रण स्वतःकडे ठेवून पूर्ण करावे लागतात. त्यात 20 तासांच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांचा आणि किमान 300 सागरी मैलांच्या एका उड्डाणाचा समावेश असतो. रात्रीचे उड्डाण व केवळ उपकरणांच्या आधारे करावयाचे उड्डाण यांचेही तास ठरलेले आहेत. लेखी परीक्षांमध्ये हवाई नियम, हवाई नौकानयन, हवामानशास्त्र व विमानाचे तांत्रिक ज्ञान हे विषय असून प्रत्येकात 70 टक्के गुण आवश्यक असतात. याशिवाय रेडिओ संभाषणाचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. तो पूर्वी दूरसंचार विभागाकडून मिळत असे; भारतीय वायुयान अधिनियम, 2024 अन्वये हे काम महासंचालनालयाकडे आले.

या सर्वांच्या आधी येते ती वैद्यकीय तपासणी. प्रथम द्वितीय श्रेणीची व नंतर प्रथम श्रेणीची तपासणी होते. चष्मा असणे हा अडथळा नाही. परंतु रंगदृष्टी, श्रवणशक्ती, हृदयाचे आरोग्य इत्यादी बाबतींत दोष आढळल्यास उमेदवार अपात्र ठरू शकतो. प्रशिक्षणाचे लाखो रुपये भरल्यानंतर असा दोष उघड होणे हे पूर्णतः टाळता येण्याजोगे नुकसान होय.

मार्ग पहिला : देशांतर्गत प्रशिक्षण संस्था

उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उड़ान अकादमी ही केंद्र सरकारची संस्था असून तेथे प्रवेश परीक्षेद्वारे निवड होते. महाराष्ट्रात गोंदियाजवळील बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. 1928 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण प्रशिक्षण धुळे येथे चालते. बारामती येथेही प्रशिक्षण होत आले आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर दरवर्षी 180 वैमानिक तयार करणारी संस्था उभारण्याचे एअर इंडियाने 2024 मध्ये जाहीर केले.

देशांतर्गत मार्गाचा खर्च सर्वसाधारणपणे 40 ते 60 लाख रुपयांच्या घरात जातो. भारतीय हवाई क्षेत्राचा सराव आरंभापासून होतो आणि परवाना रूपांतराचा प्रश्न उद्भवत नाही, हे या मार्गाचे लाभ होत. त्याची मुख्य मर्यादा कालावधीची आहे. माहितीपत्रकात बारा ते अठरा महिन्यांचा उल्लेख असतो. प्रत्यक्षात पावसाळा, हिवाळ्यातील धुके, नादुरुस्त विमाने आणि प्रशिक्षकांची कमतरता यांमुळे तो दोन वर्षांपलीकडे जाऊ शकतो. संस्थेकडे विमाने किती यापेक्षा त्यांपैकी उड्डाणयोग्य किती व त्यांवर विद्यार्थी किती, हे प्रमाण निर्णायक ठरते.

सुरक्षिततेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात प्रशिक्षण विमानांचे दोन अपघात अवघ्या काही दिवसांच्या अंतराने झाले आणि महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण तात्पुरते थांबविले. अशा कारवाईची गरज निर्विवाद असली, तरी त्या काळात शुल्क भरलेल्या विद्यार्थ्यांचे तास थांबतात आणि कर्जावरील व्याज मात्र चालू राहते, ही वस्तुस्थिती लक्षात घ्यावी लागते.

या पार्श्वभूमीवर महासंचालनालयाने 1 ऑक्टोबर 2025 पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवारी सुरू केली. कामगिरी, कार्यपद्धती, सुरक्षितता व विद्यार्थी साहाय्य अशा निकषांवर ती वर्षातून दोनदा करावयाची आहे. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींमध्ये एकाही संस्थेला स्थान मिळाले नाही, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

मार्ग दुसरा : परदेशी प्रशिक्षण

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आदी देशांत जाऊन प्रशिक्षण घेण्याचा प्रघात जुना आहे. विमानांची मुबलक उपलब्धता व अनुकूल हवामान यांमुळे उड्डाणाचे तास तेथे तुलनेने लवकर पूर्ण होतात. तथापि तेथील परवाना भारतात थेट चालत नाही. त्याचे रूपांतर करण्यासाठी भारतीय नियमांनुसार उड्डाणाचे तास व त्यांची नोंद, वैद्यकीय पात्रता, विहित लेखी परीक्षा, रेडिओ परवाना आणि कौशल्य चाचणी यांची पूर्तता करावी लागते. त्या देशाच्या नियमांत बसणारा, परंतु भारतीय नियमांत न बसणारा तास परतल्यावर पुन्हा विकत घ्यावा लागतो. रुपयाच्या विनिमय दरातील घसरण, व्हिसा, निवास व विमा यांचा भार शुल्काखेरीज वेगळा असतो. एकंदर खर्च 50 ते 80 लाख रुपयांपर्यंत जातो. भारतातील लेखी परीक्षा आधी उत्तीर्ण होऊन मग परदेशी जाणे हा क्रम म्हणूनच हिताचा ठरतो.

मार्ग तिसरा : विमान कंपन्यांची कॅडेट योजना

या योजनेत कंपनी आधी उमेदवाराची निवड करते, नंतर ठरावीक संस्थेत त्याचे प्रशिक्षण होते आणि बहुधा विशिष्ट प्रवासी विमानाचे प्रशिक्षण, म्हणजेच टाइप रेटिंग, त्यातच अंतर्भूत असते. खर्च एक कोटी रुपयांच्या आसपास वा त्याहून अधिक असतो. प्रशिक्षणानंतर नोकरीची दिशा निश्चित असणे हे या मार्गाचे आकर्षण होय. परंतु निवडपत्र म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. नोकरी ही प्रत्येक टप्प्यावरील कामगिरीवर आणि कंपनीच्या त्या वेळच्या गरजेवर अवलंबून असते. मध्येच प्रशिक्षण थांबल्यास शुल्काचे काय, नेमणुकीस विलंब झाल्यास काय आणि किती वर्षांचा सेवाकरार करावा लागेल, या तीन प्रश्नांची उत्तरे करारात लेखी आहेत काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

खर्चाचे खरे स्वरूप

जाहिरातीतील शुल्क हा खर्चाचा पहिला भाग असतो. बहुइंजिनी विमानाचे व उपकरण उड्डाणाचे प्रशिक्षण त्यात आहे काय, हे प्रथम विचारावे लागते. परवाना मिळाल्यानंतर एअरबस 320 अथवा बोइंग 737 यांसारख्या विमानाचे टाइप रेटिंग स्वखर्चाने करावयाचे झाल्यास आणखी सुमारे 15 ते 25 लाख रुपये लागतात. नोकरीची प्रतीक्षा लांबल्यास उपकरण उड्डाण पात्रतेचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. थोडक्यात, परवाना हा मिळवून ठेवून देण्याचा कागद नसून तो जिवंत ठेवण्यासाठीही पैसा लागतो.

कर्जाचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. 60 लाख रुपयांचे कर्ज 11 टक्के व्याजाने घेतले आणि ते 10 वर्षांत फेडावयाचे आहे असे मानू. परतफेड त्वरित सुरू झाल्यास मासिक हप्ता सुमारे 82,650 रुपये येतो. परंतु दोन वर्षे प्रशिक्षण व एक वर्ष सवलत असा तीन वर्षांचा काळ धरल्यास, संपूर्ण रक्कम आरंभीच उचलली गेली असता, सरळव्याजाने 19.80 लाख रुपये व्याज साचते. ते मुद्दलात मिळविल्यास हप्ता सुमारे 1 लाख 10 हजारांवर जातो आणि एकूण परतफेड 1.32 कोटींच्या घरात पोहोचते. सवलतीच्या काळात प्रशिक्षण अथवा नोकरी सहा महिन्यांनी लांबली तर आणखी 3.30 लाख रुपयांची भर पडते. म्हणजे कमी शुल्काची परंतु रेंगाळणारी संस्था ही अधिक शुल्काच्या व वेळेवर प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या संस्थेपेक्षा महाग पडू शकते.

अर्थसाहाय्याचे पर्याय

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत 7.5 लाख रुपयांपेक्षा अधिक कर्जासाठी तारण अपेक्षित असते. वैमानिक प्रशिक्षणाची रक्कम त्याच्या कितीतरी पट असल्याने मालमत्ता गहाण ठेवणे बहुतेकांना अटळ होते. प्राप्तिकर कायद्याच्या जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळण्याची तरतूद होती. नव्या करप्रणालीत ती देण्यात आली नाही. परदेशी पाठविलेली रक्कम मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून आलेली असल्यास तिच्यावर स्रोतावरील करसंकलन होणार नाही, असे 2025 च्या अर्थसंकल्पाने ठरविले. तसेच महासंचालनालयाने मान्यता दिलेले उड्डाण प्रशिक्षण अभ्यासक्रम वस्तू व सेवा करातून मुक्त असल्याचे ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाने स्पष्ट झाले. संस्थेने हा कर आकारल्यास पालकांनी त्याचा आधार विचारणे योग्य ठरेल.

शिष्यवृत्तीचे क्षेत्र मर्यादित आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय उच्चश्रेणी शिक्षण योजनेत खासगी फ्लाइंग क्लबमधील प्रशिक्षणासाठी वर्षाला 3.72 लाख रुपयांची मर्यादा घालण्यात आली. प्रत्यक्ष खर्चाशी तिची तुलना केल्यास उरणारी दरी लक्षात येते. महाराष्ट्रात महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबच्या माध्यमातून इतर मागास प्रवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील उमेदवारांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबविली. ज्या कुटुंबाकडे तारण ठेवण्यास काहीच नाही, त्याच्यासाठी अशी योजना हाच प्रवेशाचा एकमेव दरवाजा असतो.

रोजगाराची अनिश्चितता

‘वैमानिकांची टंचाई’ हा शब्दप्रयोग काळजीपूर्वक वाचला पाहिजे. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांच्या खरेदीची घोषणा केली, हे खरे. परंतु टंचाई प्रामुख्याने अनुभवी कॅप्टनची असते. कॅप्टन होण्यासाठी आवश्यक असलेल्या वरच्या परवान्याला 1500 तासांचा अनुभव लागतो. 200 तासांचा नवा परवानाधारक ही उणीव तत्काळ भरून काढू शकत नाही. शिवाय किंगफिशर 2012 मध्ये, जेट एअरवेज 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये बंद पडली. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले व नवोदितांची रांग लांबली. प्रशिक्षणास प्रवेश घेताना असलेली तेजी परवाना हाती येईपर्यंत टिकेलच असे नाही.

मार्गदर्शकांसाठी निकष

1. प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता मिळेपर्यंत मोठी रक्कम भरू नये.
2. लेखी परीक्षा शक्यतो उड्डाण प्रशिक्षणापूर्वी उत्तीर्ण व्हाव्यात. हा टप्पा तुलनेने अल्प खर्चाचा असून विद्यार्थ्याची अभिरुची व क्षमता त्यातच तपासली जाते.
3. शुल्क एकरकमी न भरता पूर्ण झालेल्या उड्डाण तासांशी निगडित हप्त्यांत भरण्याचा आग्रह धरावा.
4. संस्थेची मान्यता व श्रेणी महासंचालनालयाच्या यादीवरून तपासावी. गेल्या दोन तुकड्यांतील विद्यार्थ्यांना 200 तासांसाठी प्रत्यक्षात किती महिने लागले, हे त्यांनाच विचारावे.
5. टाइप रेटिंग व किमान एका वर्षाच्या प्रतीक्षेची तरतूद आरंभीच्या अंदाजपत्रकात असावी.
6. पदवीचे शिक्षण दूरस्थ पद्धतीने का होईना चालू ठेवावे. वैद्यकीय कारणाने परवाना गमावल्यास तोच आधार ठरतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, तिन्ही मार्गांपैकी कोणताही एक सर्वांसाठी श्रेष्ठ नाही. तारणक्षम मालमत्ता असलेल्या व कडक निवडप्रक्रिया पार करू शकणाऱ्या विद्यार्थ्यास कॅडेट योजना, वेळेला महत्त्व देणाऱ्यास काळजीपूर्वक निवडलेली परदेशी संस्था आणि मर्यादित साधने असणाऱ्यास सरकारी अथवा सुस्थापित देशांतर्गत संस्था अनुरूप ठरू शकते. मात्र निर्णयाचा क्रम सर्वांसाठी समान आहे. प्रथम वैद्यकीय पात्रता, नंतर परीक्षा, त्यानंतर संस्था आणि सर्वांत शेवटी कर्ज हा तो क्रम होय. प्रत्यक्षात तो अनेकदा उलटा होतो, आणि घराच्या कागदपत्रांवर येणारा धोका त्यातूनच जन्माला येतो.

वैमानिक होण्याची आकांक्षा ग्रामीण विद्यार्थ्याने बाळगू नये, असा याचा अर्थ नाही. उलट ती अधिक सुरक्षितपणे पूर्ण व्हावी यासाठी महाविद्यालयांच्या मार्गदर्शन कक्षांनी या माहितीची नोंद ठेवणे, माजी विद्यार्थ्यांचे अनुभव संकलित करणे आणि शिष्यवृत्तीच्या जाहिराती वेळेवर पोहोचविणे गरजेचे आहे. योग्य वेळी मिळालेला सल्ला कुटुंबाचे लाखो रुपये वाचवू शकतो. आणि हा सल्ला बारावीचा निकाल लागल्यानंतर देण्यापेक्षा अकरावीतच देणे अधिक उपयुक्त ठरेल.