थंडीतली घरची भाजी : भांडे कोणते घ्यावे?



धान कापून झाले, मळणी आटोपली, की आपल्या बालाघाट जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत एक गोष्ट नजरेस येते. कोठी भरलेली असते आणि ताटात हिरवे पान नसते. आपल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांलाही अभिमान वाटतो. परंतु नुसत्या भातावर अंगात रक्त भरत नाही. ज्या बांध्यांना पाणी नाही तिथे उतेऱ्याची लाखोळी नाहीतर जवस असते. उरलेल्या बांध्या मोकळ्या पडतात, गावची जनावरे सुटतात आणि कुंपणावाचून भाजी टिकत नाही. बाजाराच्या दिवशी आणलेली मेथी दोन दिवसांत संपते. पुढचे पाच दिवस वरण-भात आणि चटणी. घरात गरोदर सून असेल, लहान मुले असतील, तर याची झळ आधी त्यांना लागते.

अशा घराने अंगणात आठ-दहा भांड्यांत भाजी लावावी, असे आम्ही सुचवतो. मात्र भांडे निवडताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जमिनीच्या पोटात ऊब असते. भांड्यातल्या मातीला चारही बाजूंनी हवा लागते, म्हणून तिथल्या मुळांना थंडी अधिक बाधते. ही झाली उणी बाजू. जमेची बाजू अशी की जमिनीतले रोप हलवता येत नाही, भांड्यातले रोप उचलून पडवीत आणता येते. तेव्हा हिवाळ्यासाठी भांडे असे असावे की मूळ त्यात मावेल, पाणी साचणार नाही आणि एका-दोघांना ते उचलता येईल.

मूळ किती खोल, भांडे तेवढे

पालक, मेथी, कोथिंबीर, लाल माठ यांना वीतभर खोल माती पुरते. या भाज्यांना खोलीपेक्षा रुंदी हवी, म्हणून पसरट टोपले किंवा फुटके घमेले चालते. मुळ्याला फूटभर खोली लागते. टमाटर, वांगी, मिरची यांना फूटभर खोल आणि पंधरा-वीस लिटर माती मावेल असे भांडे हवे, आणि एका भांड्यात एकच रोप लावावे. दाटीने लावलेली रोपे नीट फळ देत नाहीत.

घरात काय आहे ते पाहा

तेलाचा पत्र्याचा डबा : किराणा दुकानात मिळणारा पंधरा किलोचा डबा सुमारे नऊ इंच चौरस आणि चौदा इंच उंच असतो. टमाटर-मिरचीला हे माप बरोबर बसते. वरची धार आत वळवून ठोकावी, नाहीतर हात कापतो. तळाला खिळ्याने सात-आठ भोके पाडावीत. पत्रा उन्हात लवकर तापतो आणि रात्री लवकर गार होतो, म्हणून त्याला बाहेरून पोते गुंडाळावे.

मातीची कुंडी किंवा फुटका माठ : हे भांडे चांगले, पण त्याचा स्वभाव ओळखावा. माठातले पाणी गार का होते? त्याच्या अंगातून पाणी झिरपते आणि वाळताना ऊब घेऊन जाते. एप्रिलमध्ये हा गुण, डिसेंबरमध्ये तोच दोष. ओली मातीची कुंडी रात्री उघड्यावर राहिली तर मुळांना दुप्पट गारठा. यास्तव उन्हाळी भाजीला मातीची कुंडी उत्तम. हिवाळ्यात तिच्यात पालक-मेथीच लावावी, किंवा कुंडीभोवती तणसाचा वेढा देऊन वर पोते बांधावे.

बांबूचे टोपले : आपला जिल्हा बांबूचा आहे. जुन्या टोपल्यात तळाला तणीस अंथरून माती भरली की पालेभाजीची वाफ तयार. पाणी साचत नाही आणि उचलायला हलके. एक-दोन हंगामांत ते कुजते, पण तोवर त्याने आपले काम केलेले असते.

खताचे रिकामे पोते : युरियाचे पोते स्वच्छ धुऊन, तोंड बाहेर दुमडून निम्म्यापर्यंत माती भरावी. बुडाशी भोके पाडावीत. वर्षभर उन्हात राहिले की त्याचे तुकडे पडू लागतात. तसे होण्याआधी बदलावे.

प्लास्टिकची तुटकी बादली : हिवाळ्याला बरी. अंगातून पाणी झिरपत नसल्याने मातीच्या कुंडीएवढी गार पडत नाही. पण त्याचमुळे पाणी बेताने घालावे.

ही भांडी घेऊच नका

कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी त्यात खाण्याची भाजी लावू नये. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे अशा डब्यांवर विषाच्या तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. हिरवा आहे म्हणून डबा निर्धोक, असा अर्थ कोणी काढू नये. असा डबा घरात पाणी, धान्य, भाजी कशालाही वापरायचा नाही. जुन्या बॅटरीच्या पेट्याही नकोत, त्यांत शिसे असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरते. कारखान्यातून किंवा खाणीवरून स्वस्तात आलेला, आत पूर्वी काय होते ते ठाऊक नसलेला पिंपही नको. काय भरले होते ते सांगता येत नसेल, तर भांडे फुकट मिळाले तरी महाग.

माती आणि भोके

बांधीतली माती तशीच भरली तर भांड्यात तिची वीट होते. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग नदीची रेती किंवा भातगिरणीतले जळके तूस असे मिश्रण करावे. भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवावा, तेवढा पुरे. तळाला गिट्टीचा जाड थर देण्याची चाल आहे, पण त्याने पाणी लवकर निघत नाही; मुळांची जागा मात्र कमी होते. भांडे दोन विटांवर ठेवावे, म्हणजे भोक बुजत नाही.

थंडी कशी येते, आणि काय करावे

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. ढगाळ रात्री ती ढगांमुळे अडते. गार हवा जड असते, ती उतरून खोलगट जागी साचते. सर्वांत जास्त गारठा सूर्योदयाच्या सुमारास असतो. बैहर, उकवा, मलाजखंडकडचे पठार उंच असल्याने तिथे वारासिवनी-लांजीच्या सखल भागापेक्षा थंडी अधिक पडते. तिकडच्या बांधवांनी अधिक जपावे. पानांवर दहिवर गोठते, ज्याला इकडे हिंदीत पाला पडला म्हणतात, तेव्हा टमाटर, मिरची, वांगी काळी पडतात. पालक, मेथी, मुळा, कोथिंबीर, वाटाणा आणि लसणाची पात थंडी बरीच सोसतात. यावरून ठरवावे : नाताळच्या आसपास नव्याने लावायचे असेल तर पालेभाजी लावावी, टमाटर-मिरचीची जी रोपे आधीच उभी आहेत तेवढी सांभाळावीत.

सांभाळण्याचे उपाय असे :

१. नाजूक रोपांची भांडी संध्याकाळी पडवीत, दक्षिणेकडच्या भिंतीशी आणावीत. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. सकाळी ऊन आले की बाहेर काढावीत.

२. भांडी एकमेकांना चिकटून ठेवावीत आणि मधल्या फटींत तणीस भरावे.

३. फार गारठ्याची रात्र दिसत असेल तर दुपारीच माती ओली करावी. ओल्या मातीत उन्हाची ऊब जास्त मावते. पानांवर पाणी टाकू नये. एरवी हिवाळ्यात बोट खुपसून पाहावे आणि दोन पेरे खोल कोरडे लागले तरच पाणी घालावे.

४. झाकायचे झाल्यास चार काड्या रोवून वर पोते किंवा जुने लुगडे घालावे. कापड पानांना टेकू देऊ नये, आणि सकाळी काढायला विसरू नये.

५. पाने करपलीच तर लगेच छाटू नयेत. आठवडाभर थांबावे, जिवंत भागातून नवा कोंब फुटतो, मग छाटावे.

एक सूचना माणसांसाठी. थंडीच्या रात्री रोपे आत घेतली, दार लावले आणि कोळशाची शेगडी पेटवली, असे कोणीही करू नये. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही. शेगडी अंगणात पेटवावी, शेकून झाल्यावर विझवावी आणि मग आत जाऊन पांघरूण घ्यावे. रोपाला पोते पुरते, मुलाला गोधडी पुरते.

आठ भांड्यांतून रोजची भाजी निघणार नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. पण दोन टोपली मेथी, दोन पोती पालक, एक घमेले कोथिंबीर आणि तीन डबे टमाटर-मिरची एवढे असले, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा मूठ-दोन मूठ हिरवे पान हाती येते. मेथी महिनाभरात काढता येते. पालक मुळासकट उपटू नये, बाहेरची पाने खुडावीत, म्हणजे तो पुन्हा फुटतो. पालेभाजीत लोह आणि फोलेट असते. तिच्यावर लिंबू पिळले तर त्यातले लोह शरीराला अधिक लागू पडते, आणि थोड्या तेलात परतली तर अ जीवनसत्त्वही. भाजी थोडी असेल त्या दिवशी पहिला वाढा गरोदर बाईला आणि लहान मुलांना द्यावा, मग घरच्या कर्त्या पुरुषांनी आपले ताट पुढे करावे.