पाइप घेतला का?

कॅम्परव्हॅन बुक झाली, प्लेलिस्ट तयार झाली, बॉसला सुट्टीचा मेलही गेला. राहिला तो फक्त पाण्याचा पाइप. आणि नेमकी तिथेच आमची गाडी अडली!

दिवेआगरमधल्या एका घराचं अंगण. कमानीच्या बाहेर आमची भाड्याची कॅम्परव्हॅन, कारण ती आत मावेना. अंगणात नळ. आणि माझ्या हातात ऑनलाइन मागवलेला, मुठीत मावणारा, निळा 'जादूचा' पाइप. पाणी सोडलं की तिप्पट लांब होतो म्हणे. बॉक्सवर लिहिलेलं, 50 फूट. आम्ही नळ सोडला. पाणी आलं, पण पाइप काही लांब होईना. जेमतेम वीस फुटांवर त्याने मान टाकली. 'अगं, ओढ की जरा!' ग्रुपमधून सल्ला आला. ओढला. हात सुटला, पाइप रबरबँडसारखा मागे आला आणि माझी सकाळची आंघोळ तिथेच उरकली.

पुण्यात कॅम्परव्हॅनचं फॅड आता चांगलंच रुजलंय. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, भाड्याने गाड्या देणारेही वाढले. शुक्रवारी रात्री निघायचं, ताम्हिणी उतरून माणगावमार्गे समुद्र गाठायचा, हॉटेलचं बुकिंग नाही, चेकआउटची कटकट नाही. एकदम सही! फक्त एक गोष्ट कुणी सांगत नाही. गाडीतलं बेसिन, शॉवर, चहा, सगळं एका टाकीवर चालतं. आमची 80 लिटरची होती. चौघांना ती एक दिवस पुरते, तीही केस न धुता. मग टाकी भरायची कशी? जागोजागी नळ जोडून मिळणाऱ्या कॅम्पसाइट आपल्याकडे दुर्मीळ. म्हणजे कुणाचं तरी अंगण, कुणाचा तरी ढाबा, 'काका, जरा पाणी घेऊ का?' आणि आपला पाइप.

माझी चूक अशी झाली, की मी आरव्हीवाल्या अमेरिकन मंडळींचे व्हिडिओ बघून खरेदी केली. तिकडे नळाला जोर इतका, की गाडीचं प्लंबिंग फुटू नये म्हणून लोक प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर लावतात. आपल्याकडे पाणी येतं स्लॅबवरच्या काळ्या टाकीतून. दहा मीटर उंचीला साधारण एक बार प्रेशर, हा शाळेतला हिशोब. टाकी तीन मीटरवर असेल तर नळाला 0.3 बार. त्यातही गाडीचं पाणी भरायचं तोंड कमरेइतकं उंच, म्हणजे आणखी एक मीटर वजा. ताणणाऱ्या पाइपच्या पोटात रबराची नळी असते. ती फुगायला दोन-तीन बार तरी लागतात. बिचारा पाइप फुगणार कशाच्या जोरावर?

शेवटी घरातल्या काकांनी सुपारीची वाडी शिंपायचा पाइप आणून दिला. लांब, जाड, वर्षानुवर्षं उन्हात पडलेला. टाकी भरली, आम्ही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी चहा केला आणि पहिल्याच घोटाला चौघांचे चेहरे वाकडे! चहाला टायरचा वास. काकांचा काही दोष नाही, तो पाइप झाडांसाठीच होता. पण पुढचे दोन दिवस आम्ही बाटलीबंद पाण्यावर काढले.

परत आल्यावर थेट बोहरी आळी गाठली. रविवार पेठेतल्या या गल्लीत खिळ्यापासून दोरखंडापर्यंत काहीही मिळतं, फक्त पार्किंग मिळत नाही. दुकानदाराने पहिला प्रश्न टाकला, 'ताई, पाणी प्यायचंय का गाडी धुवायचीय?' बॉस, हाच तो प्रश्न! बागेचा हिरवा पाइप मऊ राहावा म्हणून त्यात जी रसायनं घालतात, ती उन्हात पाण्यात उतरतात. प्यायच्या पाण्याला फूड ग्रेड पाइपच हवा, आतून नायलॉनची जाळी असलेला, म्हणजे वळवताना दुमडून पाणी अडत नाही. चपटा, रिळावर गुंडाळायचा पाइपही त्याने दाखवला. दिसायला कूल, पण तो पूर्ण उलगडल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही आणि कोपऱ्यावर वळवला की मिटतो.

मग जागा वाचवायची म्हणून मी बारीक, तीन अष्टमांश इंचाचा मागितला. त्याने मानच हलवली. घरी हिशोब केला तेव्हा पटलं. आमच्यासारख्या कमी जोराच्या नळावर दहा मीटरच्या अर्ध्या इंची पाइपने 80 लिटर भरायला साधारण दहा मिनिटं लागतात, बारीक पाइपने जवळजवळ दुप्पट. कुणाच्या तरी दारात उभं राहून वीस मिनिटं पाणी घेणं जरा जिवावर येतं हो! जागा वाचवायची तर जाडीत नाही, लांबीत वाचवा. मी पाच-पाच मीटरचे दोन तुकडे घेतले, मध्ये झटपट जोडायचा कनेक्टर. बहुतेक ठिकाणी एकच पुरतो. सोबत साध्या, बिनआट्यांच्या नळावर बसणारा रबरी अडॅप्टर आणि दोन क्लिपा. हा अडॅप्टर विसरलात तर पाइप हाताने धरून उभे राहा. सगळं मिळून हजाराच्या आत.

वापरण्याआधी मिनिटभर पाणी वाहू द्यायचं, नंतर पाइप पूर्ण निथळून दोन्ही टोकं एकमेकांत जोडून अंधाऱ्या पिशवीत ठेवायचा. पारदर्शक पाइपमध्ये पाणी राहिलं आणि ऊन लागलं की शेवाळ धरतं. टॉयलेट धुवायला दुसरा, वेगळ्या रंगाचा तुकडा. इथे कंजुषी नको.

आणि पाइप कितीही चांगला असला तरी पाणी शुद्ध करत नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत जीबीएसचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. तेव्हा अख्ख्या पुण्याने पाणी उकळून प्यायला घेतलं होतं. त्यामुळे टाकीचं पाणी आम्ही आता भांडी आणि आंघोळीलाच वापरतो, चहाला उकळून. प्यायला 20 लिटरचा जार वेगळा.

दोन्ही तुकडे माझ्या मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉप बॅगेत मावतात. गेल्या शुक्रवारी ती हिंजवडीच्या ऑफिसमधून थेट ट्रिपला निघाली, तर गेटवर सिक्युरिटीवाल्या काकांनी बॅग उघडायला लावली. 'मॅडम, हे काय?' तिने त्यांना टाकीची उंची, प्रेशर, अर्धा इंच, सगळं समजावलं म्हणे. मागे पंधराजणांची लाइन. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'क्लिपा घेतल्या ना?'

घेतल्या नव्हत्या.