सहा अक्षरं, एक लांब शब्द

कागद घ्या आणि तुम्ही राहता त्या शहराचं इंग्रजी स्पेलिंग लिहा. माझं शहर सध्या रियाध: आर, आय, वाय, ए, डी, एच. आता ही सहाही अक्षरं ज्यात येतात असा जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द शोधा. क्रम कुठलाही चालेल, मध्ये दुसरी अक्षरं आली तरी चालतील.

ओलायातल्या एका मराठी घरी वाढदिवसाला जमलो होतो, तेव्हा मुलांनी हा खेळ काढला. मी पीएचडीच्या जोरावर पाच मिनिटं छताकडे बघत बसलो. शेवटी नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "काका, भिंतीवर बघा ना." भिंतीवर सोनेरी अक्षरांची माळ होती: हॅपी बर्थडे. यातल्या 'बर्थडे'चं स्पेलिंग लिहून बघा, सहाही अक्षरं आहेत.

मला ते का दिसलं नाही? कारण मी अक्षरं फिरवत होतो. सहा अक्षरांचे 720 क्रम होतात, शिवाय मध्ये कुठली अक्षरं येतील ते माहीत नाही. असं शोधून डोकं दमतं. इंग्रजीतले लांब शब्द बहुतेक तुकडे जोडून बनलेले असतात, म्हणून आधी तुकडा शोधायचा. एच-वाय-डी-आर एकत्र ठेवले की ग्रीकमधून आलेला पाण्याचा 'हायड्रो' समोर येतो. मग धडाधड: हायड्रॉलिक, हायड्रोफोबिया, डीहायड्रेशन (वाळवंटातल्या शहराच्या नावातून हाच शब्द निघावा!), आणि वीस अक्षरांचा मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक्स. पण तुकड्याची युक्ती डोळ्यांवर झापडही बांधते. एकदा पाण्यात शिरलात की 'हॉलिडेमेकर' आणि 'हेअरड्रायर' सुचत नाहीत. दोन्हींत ही सहा अक्षरं आहेत.

कॉम्प्युटरला सुचण्याची गरजच नसते. कल्पना करा, प्रत्येक शब्दापुढे सव्वीस स्विच आहेत, ए ते झेड. 'बर्थडे'चे आठ स्विच चालू, बाकी बंद. आपल्या प्रश्नाचे सहा स्विच त्यावर ठेवायचे. आपला एखादा स्विच चालू आणि शब्दाचा बंद असला की तो शब्द बाद. अशी दोन लाख शब्दांची यादी डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासून होते, मग उरलेले शब्द लांबीप्रमाणे लावायचे. एक अडचण मात्र आहे. स्विचला मोजता येत नाही. 'दोन ओ हवेत' अशी अट असेल तर प्रत्येक अक्षरासाठी वेगळा हिशोब ठेवावा लागतो.

तीच अक्षरं, न कमी न जास्त, हवी असतील तर आणखी सुंदर युक्ती आहे. शब्दातली अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवायची. 'लिसन' आणि 'सायलेंट' दोन्हींचं तेच होतं: ई-आय-एल-एन-एस-टी. ही झाली शब्दाची सही. सही जुळली की शब्द एकाच कप्प्यात.

हे वाचून तुम्हाला प्रोग्रामिंगचा वर्ग आठवला असेल. मला ओलायातल्या किंग फहद नॅशनल लायब्ररीवरून जाताना खलील इब्न अहमद आठवतो. आठव्या शतकात बसऱ्यात त्याने 'किताब अल-ऐन' या अरबी शब्दकोशाची आखणी केली. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. क-त-ब घ्या: किताब म्हणजे पुस्तक, मकतब म्हणजे कचेरी. खलीलने क, त, ब यांच्या सहाही मांडण्या एकाच जागी ठेवल्या आणि कुठल्या वापरात आहेत, कुठल्या नाहीत याचीही दखल घेतली. चार व्यंजनांच्या 24, पाचांच्या 120. अक्षरांचा क्रम त्याने घशापासून ओठांकडे लावला, आपल्या कंठ्य ते ओष्ठ्य वर्गांसारखा. सहीचीच कल्पना, कॉम्प्युटरच्या हजारेक वर्षं आधी. सामान्य वाचकाला मात्र असा कोश चाळणं जड जायचं, आणि पुढच्या कोशकारांनी सोप्या रचना निवडल्या.

शिवाय धातूची अक्षरं शब्दात दिसतीलच असंही नाही. रियाध हे 'रौदा'चं, म्हणजे बागेचं, अनेकवचन. धातू र-व-द, त्यातला शेवटचा 'द' जड उच्चाराचा. 'व' गेला कुठे? त्याचा 'य' झाला. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रामला हा शब्द सापडणार नाही. याच धातूतून सराव, व्यायाम या अर्थाचा 'रियादा' निघाला आणि फारसी-उर्दूमार्गे आपल्याकडे 'रियाज' होऊन आला. उर्दूत गवयाचा रियाज आणि हे शहर एकाच स्पेलिंगने लिहितात.

त्या मुलीने पुढची मागणी केली: "आता मराठीत करा." मी घरी येऊन तोच प्रोग्राम मराठी यादीवर चालवला आणि तोंडावर पडलो. 'स्त्री' त्याला सहा अक्षरी वाटला: स, त, र, पाय मोडल्याच्या दोन खुणा आणि एक वेलांटी. युनिकोड असंच साठवतं. मी तिला विचारलं, स्त्री किती अक्षरं? "एक. एका दमात म्हणता येतं ना." नियम घातला, यादी सुधारली. मग प्रश्न आला, 'क' मागितला तर 'की' चालेल का? ती म्हणते नाही, तिची आई म्हणते हो. दोन याद्या छापून दिल्या आहेत. एकीत फार थोडे शब्द आहेत, दुसरी संपता संपत नाही.