अंडकवचकला
अंडकवचकला : पक्ष्याच्या अंड्यातील द्रव्य काढून उरणाऱ्या पोकळ कवचावर, अथवा कवचाच्या तुकड्यावर, कोरीव वा रंगीत अलंकरण करण्याची कला. कवच मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटाचे असते. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाची जाडी सु. ०·३ ते ०·४ मिमी., तर शहामृगाच्या सु. २ मिमी. असते, त्यामुळे खोल कोरीव काम शहामृगाच्या कवचावरच साधते.

या कलेचा भारतातील सर्वांत महत्त्वाचा प्राचीन नमुना महाराष्ट्रातील आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे (ता. चाळीसगाव) येथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये केलेल्या उत्खननात उत्तर पुराणाश्मयुगीन थरात शहामृगाच्या कवचाचे मणी व एक कोरीव तुकडा मिळाला. त्यावर समांतर रेषांच्या मर्यादेत परस्परांना छेदणाऱ्या तिरकस रेषांची जाळी आहे. रेडिओकार्बन पद्धतीने त्याचा काळ सु. २५,००० वर्षांपूर्वीचा ठरतो. भारतात त्या काळी शहामृग होते, याला २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानेही दुजोरा मिळाला.

कवचावरील प्रत्येक रेषा मात्र माणसाची नसते. जमिनीत पुरलेल्या कवचास वनस्पतींची मुळे चिकटतात व त्यांच्या आम्लाने पृष्ठभागावर खाचा पडतात. अशी खाच नागमोडी व गोलसर तळाची असते; दगडी हत्याराची रेघ सरळ असून तिच्या तळाशी बारीक समांतर ओरखडे दिसतात. रॉबर्ट बेडनरिक यांनी भारतातील कोरीव समजल्या गेलेल्या कवचांची सूक्ष्मदर्शकाने तपासणी केली. त्यांतील बहुतेक खुणा त्यांनी नैसर्गिक ठरविल्या. पाटणे येथील तुकडा मात्र मानवनिर्मित मानला. एवढ्या लहानशा तुकड्यावर येथील आद्य कलेचा पुरावा तोललेला असल्याने ही छाननी अनाठायी म्हणता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील डीपक्लूफ येथील कोरीव कवचे याहून जुनी, सु. ६०,००० वर्षांपूर्वीची आहेत. तेथे ती बहुधा पाणी साठविण्यास वापरीत.

आम्लाचा हाच गुण पुढे कारागिरांनी हेतुपुरस्सर वापरला. जर्मनीतील सॉर्ब लोक रंगविलेल्या अंड्यावर सौम्य आम्लाने पांढरी नक्षी उमटवितात. युक्रेनमधील ‘पिसांका’ मेणरोधनाने करतात : तापविलेल्या किस्तका या लेखणीने वितळलेले मेण लावून अंडे फिकट रंगापासून गडद रंगाकडे क्रमाने बुडवितात व शेवटी मेणबत्तीजवळ धरून मेण पुसून काढतात. तत्त्वतः ही बाटिकच होय. २०२४ मध्ये यूनेस्कोने या परंपरेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

कोंबडीचे अंडे रिकामे करण्यासाठी दोन्ही टोकांना सुईने छिद्रे पाडतात, बलक आत फोडून फुंकरीने बाहेर काढतात आणि कवच धुऊन पूर्ण वाळवितात. आत ओल राहिल्यास ते कुजते. रशियन झारसाठी १८८५ पासून बनविलेली फाबर्झेची प्रसिद्ध अंडी सोने, मिनाकाम व रत्ने यांची असल्याने या कलेत मोडत नाहीत.