व्हिडिओ गेम कन्सोलचे बाजारातील आयुष्य

व्हिडिओ गेम कन्सोलचे बाजारातील आयुष्य म्हणजे एखादे कन्सोल विक्रीस आल्यापासून त्याचे उत्पादन कायमचे थांबेपर्यंतचा काळ होय. कन्सोल म्हणजे मुख्यतः खेळांसाठी बनवलेला, दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरायचा संगणक. एकाच काळातील दोन कन्सोलांच्या आयुष्यातही फार मोठे अंतर पडू शकते. सेगा या जपानी कंपनीचे ड्रीमकास्ट नोव्हेंबर १९९८ मध्ये आले आणि मार्च २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याच पिढीतील सोनीचे प्लेस्टेशन २ मात्र मार्च २००० पासून २०१२ च्या अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे पावणेतेरा वर्षे विकले जात राहिले. ड्रीमकास्ट हे सदोष वा दुबळे यंत्र नव्हते. यंत्राची झीज किंवा त्याचे तांत्रिक मागासलेपण यांवरून त्याचे आयुष्य ठरते, हा समज म्हणूनच अपुरा आहे. यंत्र बनवत राहणे उत्पादकाला परवडते का, हा प्रश्न अधिक निर्णायक असतो.

आयुष्य कोठपर्यंत मोजायचे

कन्सोलचा शेवट नेमका कोणता, याविषयी एकच मोजमाप नाही. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. हे कन्सोल १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आले. त्याचा उत्तराधिकारी सुपर फॅमिकॉम नोव्हेंबर १९९० मध्ये आला. त्या हिशेबाने फॅमिकॉमचे आयुष्य सात वर्षांचे ठरते. परंतु त्यासाठी अधिकृत नवे खेळ १९९४ पर्यंत निघत होते. यंत्राचे उत्पादन थांबले ते सप्टेंबर २००३ मध्ये आणि कंपनीने दुरुस्तीची सेवा बंद केली ती २००७ मध्ये, सुटे भाग मिळेनासे झाल्यावर. म्हणजे मोजपट्टी बदलली की तेच आयुष्य सात, अकरा, वीस किंवा चोवीस वर्षांचे होते. ‘कन्सोलची पिढी’ हा शब्दप्रयोग साधारणतः पहिल्या अर्थाने, म्हणजे उत्तराधिकारी येईपर्यंतच्या काळासाठी केला जातो. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र शेवटचे दोन टप्पे अधिक महत्त्वाचे असतात.

उत्पादनखर्च आणि किंमत

बहुतेक कन्सोल सुरुवातीला अत्यल्प नफ्यावर किंवा तोट्यात विकली जातात. उत्पादकाची खरी मिळकत खेळांतून होते. स्वतःच्या खेळांची विक्री आणि इतर कंपन्यांनी काढलेल्या प्रत्येक खेळामागे मिळणारे स्वामित्वधन, असे तिचे दोन प्रवाह असतात. त्यामुळे यंत्र जितकी वर्षे घराघरांत राहील तितका सुरुवातीचा तोटा भरून निघतो. त्यासाठी एक अट पाळली जावी लागते. यंत्राचा उत्पादनखर्च वर्षानुवर्षे उतरत गेला पाहिजे, म्हणजे किंमतही उतरवता येते आणि नवा, कमी ऐपतीचा ग्राहकवर्ग मिळतो.

प्लेस्टेशन २ हे या क्रमाचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरला आलेले हे यंत्र २००२ मध्ये १९९, २००४ मध्ये १४९ आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर आले. हे शक्य झाले याचे कारण मुख्य चिपांवर सोनीचा ताबा होता. आरंभी स्वतंत्र असलेली मुख्य प्रक्रियक आणि चित्रप्रक्रियक ही दोन चिप्स पुढे एकाच चिपमध्ये सामावली गेली. चिप लहान झाली की एकाच सिलिकॉन चकतीतून अधिक नग निघतात, वीज कमी लागते, पंखा व पेटी लहान होते आणि वाहतूकही स्वस्त पडते. २००४ मध्ये आलेली या कन्सोलची सडपातळ आवृत्ती हे या काटकसरीचेच फळ होते.

मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्याची मुख्य प्रक्रियक चिप इंटेलकडून आणि चित्रप्रक्रियक एन्व्हिडियाकडून विकत घेतलेली होती. त्या चिपांच्या आराखड्यावर मायक्रोसॉफ्टचा हक्क नव्हता. चिपच्या दरावरून एन्व्हिडियाशी झालेला वाद लवादापर्यंत गेला व २००३ मध्ये मिटला. शिवाय प्रत्येक यंत्रात हार्ड डिस्क होती. अशा डिस्कची साठवणक्षमता दरवर्षी वाढते, पण किंमत एका पातळीखाली सहसा उतरत नाही. खर्च उतरवण्याच्या वाटा अशा बंद झाल्यामुळे सुमारे अडीच कोटी यंत्रे खपूनही, नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या एक्सबॉक्सचा उत्तराधिकारी मायक्रोसॉफ्टने चारच वर्षांत बाजारात आणला. या एक्सबॉक्स ३६०च्या वेळी कंपनीने चिपांच्या आराखड्यांवरील हक्क स्वतःकडे राहतील अशी व्यवस्था केली. ते कन्सोल २०१६ पर्यंत बनत राहिले.

खेळनिर्मात्यांचा विश्वास

खेळ निघेनासे झाले की यंत्र स्वस्त असूनही विकले जात नाही. खेळनिर्मात्या कंपन्या मात्र भविष्याचा अंदाज बांधूनच पैसा गुंतवतात. मोठ्या खेळाला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर कन्सोल बाजारात राहील याची खात्री त्यांना हवी असते. ‘हे यंत्र टिकणार नाही’ अशी शंका पसरली तर त्या शंकेनेच खेळ आटतात आणि यंत्र खरोखरच टिकत नाही.

ड्रीमकास्टला हेच भोवले. सेगाने अमेरिकेत नोव्हेंबर १९९४ मध्ये ३२एक्स हे पूरक यंत्र विकायला काढले आणि अवघ्या सहा महिन्यांत, मे १९९५ मध्ये, सॅटर्न हे सर्वस्वी नवे कन्सोल आणले. ज्यांनी आधीचे घेतले होते ते ग्राहक दुखावले. सॅटर्नच्या अचानक आगमनामुळे अनेक दुकानदारही नाराज झाले. सॅटर्नही अमेरिकेत १९९८ मध्येच मागे घेतले गेले. या पार्श्वभूमीवर इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ काढला नाही. त्यातच प्लेस्टेशन २ मध्ये डीव्हीडी चित्रपट पाहण्याची सोय असेल हे जाहीर झाले आणि असंख्य ग्राहकांनी खरेदी लांबणीवर टाकली. किंमत कमी करूनही सेगाचा तोटा आटोक्यात आला नाही. जानेवारी २००१ मध्ये कंपनीने ड्रीमकास्ट बंद करण्याची घोषणा केली आणि यापुढे इतरांच्या कन्सोलांसाठी खेळ बनवण्याचे ठरवले. ड्रीमकास्टचे चाहते इतके चिवट, की जपानमध्ये त्यासाठी नवे खेळ २००७ पर्यंत निघत राहिले. पण चाहत्यांच्या निष्ठेवर कारखाना चालत नाही.

उत्तराधिकाऱ्याचे यशापयश

जुन्या कन्सोलचे आयुष्य पुष्कळदा नव्याच्या किमतीवर अवलंबून असते. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ४९९ व ५९९ डॉलरला आले. ही किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेरची असल्याने प्लेस्टेशन २ ची मागणी टिकून राहिली. त्याची एकूण विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. फिफा १४ हा फुटबॉलचा खेळ २०१३ मध्ये, म्हणजे यंत्राचे उत्पादन थांबल्यानंतरही, त्यासाठी निघाला.

याउलट, कन्सोल स्वतःच अपयशी ठरले तर उत्तराधिकारी लवकर आणावा लागतो. निन्टेन्डोचे वी यू हे २०१२ मध्ये आले. ते नवे कन्सोल आहे की आधीच्या वी या यंत्राचा जोडभाग, हेच अनेक ग्राहकांना उमगले नाही. सुमारे १ कोटी ३५ लाख नग विकून जानेवारी २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्यापाठोपाठ मार्चमध्ये आलेल्या स्विचला मात्र २०२५ पर्यंत उत्तराधिकारी आणण्याची गरज भासली नाही.

प्रदेशानुसार फरक

आयातशुल्क व क्रयशक्ती यांमुळे एकच यंत्र एका देशात इतिहासजमा आणि दुसऱ्या देशात चालू असते. ब्राझीलमध्ये आयात कन्सोलांवर भारी कर असल्याने टेकटॉय या स्थानिक कंपनीने सेगाचे मास्टर सिस्टम १९८९ पासून देशातच बनवले. सेगा कन्सोलच्या धंद्यातून बाहेर पडल्यानंतरही तेथे त्याच्या आवृत्त्या विकल्या जात होत्या. भारतात फॅमिकॉमच्या अनधिकृत नकला १९९० च्या दशकात महाराष्ट्रासह सर्वत्र केवळ ‘व्हिडिओ गेम’ या नावाने खपत होत्या. कित्येकांना मूळ यंत्राचे नावही ठाऊक नव्हते. पुढे हैदराबादच्या एका कंपनीने बनवलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी निघाला. तोवर प्लेस्टेशन ३ येऊन दोन वर्षे उलटली होती, पण भारतीय घरांत जुने यंत्रच अधिक होते.

ऑनलाइन सेवा आणि अलीकडची स्थिती

डिस्क किंवा कार्ट्रिजवरचा खेळ यंत्र चालते तोवर खेळता येतो. इंटरनेटवरून विकत घेऊन उतरवून घ्यायच्या खेळांमुळे आयुष्याच्या शेवटाला आणखी एक टप्पा जोडला गेला आहे. वी यूचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये आणि एक्सबॉक्स ३६०चे जुलै २०२४ मध्ये बंद झाले. केवळ अशा दुकानांतून विकले गेलेले खेळ त्यानंतर त्या यंत्रासाठी नव्याने विकत घेता येत नाहीत. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करण्याचे जाहीर केले होते. ग्राहकांच्या तीव्र नाराजीनंतर काही आठवड्यांतच तो निर्णय मागे घेण्यात आला.

किमतीचा जुना क्रमही आता मोडला आहे. चिपांचा आकार लहान करणे पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ ची किंमत युरोप व जपानसह अनेक बाजारपेठांत ऑगस्ट २०२२ मध्ये कमी होण्याऐवजी वाढवण्यात आली. वाढती महागाई आणि चलनांचे प्रतिकूल विनिमयदर ही कारणे त्या वेळी सोनीने दिली. पूर्वी कन्सोलच्या उत्तरार्धात किंमत उतरण्याची वाट पाहून खरेदी करणारा जो मोठा वर्ग होता, त्याच्यासाठी ही वाट आता अरुंद झाली आहे.